वळणवाल्या बाई

सासूबाई होत्या तोवर एकच टोमणा पुरवून पुरवून वापरत. सून टेबलावर वाकून रुळांची वळणं काढताना दिसली, की नातीची वेणी घालता घालता म्हणत, "तुझी आई लोखंडाला वळण लावते आहे. तुला लावायला मी आहेच."

नात खुदकन हसायची. सूनही हसायची, पण मान वर न करता. कामावर तिला सगळे बाईच म्हणत. रोलर कोस्टर बांधण्याच्या त्या धंद्यात दुसरं बाईमाणूस नव्हतं, त्यामुळे 'वळणवाल्या बाई' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे.

बाई शिकल्या होत्या पूल बांधायला. पुलाच्या कामात सगळी काळजी काय, तर काही हलू नये. त्यांच्या ऑफिसात एकदा एका करमणूक बागेचे मालक आले. त्यांच्या जुन्या लाकडी रोलर कोस्टरवरून लोक मान चोळत उतरत होते. साहेबांनी हे काम, कुणालाच नको म्हणून, नव्यानं लागलेल्या बाईंच्या गळ्यात मारलं. बाई त्या गाडीत बसबसून स्वतःचीच मान धरून घरी आल्या. दोन्ही हातांनी मान दाबत असताना त्यांच्या ध्यानात आलं, की चूक रुळाची आहे. गाडी वळणावर कलंडते आणि माणसाचं डोकं भिरकावलं जातं. मग हे उलटं का करू नये? माणसाची छाती आपल्या वाटेनं सरळ जाऊ दे, रुळानंच तिच्याभोवती पीळ घ्यावा.

त्यांनी खिडकीच्या पडद्याची तार काढली आणि जेवणाच्या टेबलावर वाकवायला घेतली. पुढे किती तरी दिवस त्यांचे यजमान, शाळेत गणित शिकवणारे मास्तर, ताटली मांडीवर घेऊन जेवत होते. खिडकीला पडदा नव्हता तो नव्हताच.

नवी गाडी उभी राहिली. वाळूची पोती बसवून चाचणी झाली, आणि मग माणूस बसायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवली. बाई एकट्या पुढच्या डब्यात जाऊन बसल्या. खाली आल्या तेव्हा मुकादमानं धावत येऊन विचारलं, "बाई, ठीक आहात ना?"

"मान शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "पोटाचं नंतर बघू." आणि कुंपणाकडे पळाल्या.

तिथून जे सुरू झालं, ते थांबलं नाही. या गावाहून बोलावणं, त्या गावाहून बोलावणं. पत्र्याच्या खोलीत राहायचं, धुळीत जेवायचं, दिवसभर शिड्या चढायच्या. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांच्या सगळ्या बाह्यांना बारीक भोकं पडली. पुढे गुडघे बोलू लागले आणि डावा कान ऐकेनासा झाला. लेकीच्या शाळेतलं नाटक त्यांनी फोनवर ऐकलं. मास्तर पहिल्या रांगेत फोन उंच धरून उभे होते आणि मागचे लोक त्यांना खाली बसायला सांगत होते, एवढंच नीट ऐकू आलं. रेल्वेत, बसमध्ये, बाकावर, जिथे पाठ टेकेल तिथे बाईंना झोप लागे आणि कुठेही उठल्या तरी ती पुरी झालेली नसे.

मग तो अपघात झाला. सुट्टीचा दिवस, तोबा गर्दी. बाईंनीच बांधलेल्या एका गाडीचं चाक दुपारी मोठ्या वळणावर अडकलं आणि मागचा डबा खांबावर आदळला. बरेच जण जायबंदी झाले. नव्यानंच लग्न झालेला एक शिंपी जागच्या जागी गेला. त्याची बायको शेजारीच बसली होती. ती वाचली.

चौकशी झाली. चाकाची देखभाल झाली नव्हती, आराखड्यात दोष नव्हता, असा निकाल लागला. ऑफिसात लोक येऊन हात हातात घेऊन म्हणाले, "सुटलात, बाई!" घरी येऊन बाईंनी चपला काढल्या आणि तिथेच उंबऱ्याशी बसून राहिल्या. मास्तर पाणी घेऊन आले.

"सगळे म्हणतात, सुटलात," बाई म्हणाल्या.

मास्तर शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी बाई त्या गाडीच्या चालकाकडे गेल्या. त्याला कामावरून काढलं होतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि अर्धंच उघडलं. "आता आणखी काय विचारायचं राहिलंय?" ती म्हणाली. पण आतून त्यानंच हाक मारली, "येऊ दे गं त्यांना."

तो खाटेच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली.

"आवाज येत होता का?" बाईंनी विचारलं.

"सकाळपासून येत होता. घरघर."

"मग गाडी थांबवायचं लाल बटण दाबलं का नाहीस? हाताशीच होतं ना?"

"होतं की. गेल्या महिन्यात असाच आवाज आला, तेव्हा दाबलं होतं. सगळी गाडी तपासली, काही निघालं नाही. मॅनेजरनं सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली. भित्रा म्हणाला. मग मला फाटकावर उभं केलं, तिकिटं फाडायला. येणारी-जाणारी पोरं हसायची." त्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "त्या दिवशी बटणावर बोट ठेवलं होतं, बाई. खरं सांगतो. ठेवलं होतं."

त्याची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बाई परत निघाल्या. बस सोडून त्या चालत राहिल्या. लोखंडाचं, चाकाचं, वाऱ्याचं सगळं त्यांनी मोजलं होतं. फाटकावर उभं केलेल्या माणसाला काय वाटतं, ते मोजायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर नवं काम घेताना बाई एक अट घालू लागल्या. गाडी थांबवायचा अधिकार चालकाचा. त्याला शंका आली, थांबवली. नंतर काही सापडलं नाही, तरी त्याला कुणी शब्दानं बोलायचं नाही, त्याची जागा बदलायची नाही. करारात तसं लिहा, नाहीतर माझा आराखडा मिळणार नाही.

मालक लोक चक्रावले. एक जण म्हणाला, "अहो बाई, मग ते ऊठसूट गाडी थांबवतील!"

"थांबवू देत."

"लोक वर लटकून राहतील. शिव्या घालतील."

"शिव्या घालायला खाली तरी उतरतील ना?"

मालक उठून गेला. दुसराही गेला. हळूहळू बोलावणी बंद झाली. बाईंची वळणं मात्र चोहीकडे पोचली होती. ती कुणीही बघून उचलावीत, आणि लोक उचलतही होते. वळण सगळ्यांना हवं होतं, अट कुणालाच नको होती. बाई पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे आणि इमारतींचे जिने काढून देऊ लागल्या. लेक म्हणायची, "आई, सोड ना तो हट्ट." बाई म्हणायच्या, "हट्ट करायला अंगात जोर लागतो, बाळा. तो कुठे उरलाय? नुसती अडून बसले आहे."

त्या अडून बसण्यात त्यांची चांगली वर्षं गेली. शेवटी होकार आला तो एका म्हाताऱ्या मालकाकडून. त्यानं तरुणपणी बोटीवर नोकरी केली होती. अट ऐकून तो म्हणाला, "बोटीवर धूर दिसला की कुणीही घंटा वाजवावी, खलाशानं वाजवावी, आचाऱ्यानं वाजवावी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तुम्ही घरी बसलात?" बाईंना हसावं की रडावं कळेना.

ती गाडी सारखी थांबायची. लोकांनी तिला 'थांबागाडी' नाव ठेवलं. पण एका वर्षी थांबवली तेव्हा चाकाला खरंच चीर सापडली, मग आणखी एकदा साखळीच्या कडीला. बातमी पसरली. काही मालकांनी पटलं म्हणून अट घेतली, बऱ्याच जणांनी विमा कंपनी ऐकेना म्हणून. बाईंना दोन्ही चालत होतं.

एव्हाना लेक दातांची डॉक्टर झाली होती. आईची दाढ करताना ती एकदा म्हणाली, "दुखलं तर हात वर कर, मी लगेच थांबेन." बाईंनी तोंडातली नळी बाजूला केली. "हे तुला कोणी शिकवलं?"

"सगळेच डेंटिस्ट सांगतात गं. तोंड उघड."

बाई थकल्या तशा घरीच राहू लागल्या. शेवटच्या काही वर्षांत एकदाच बाहेर पडल्या, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका इंजिनिअरच्या नव्या गाडीच्या उद्घाटनाला. लेक सोबत होती. बाईंना पुढची खुर्ची दिली होती. पाहुणे बसले, गाडी चढणीला लागली आणि अर्ध्या वाटेत गचका न देता थांबली. वरून एका पाहुण्याची टोपी उडाली. खाली कुजबुज, मग कुजबुजीचा गलका.

गाडी चालवायच्या पॅनेलवर एक मध्यमवयीन चालकबाई होती. ती पांढरीफटक पडली होती. "मला आवाज आल्यासारखा वाटला," ती परत परत म्हणत होती. माणसं वर चढली, साखळी तपासली, चाकं तपासली. काहीही निघालं नाही. मॅनेजर तणतणत पॅनेलकडे आला. त्याचा जबडा आवळलेला इथूनही दिसत होता. लेकीनं आईकडे पाहिलं. आई खुर्चीच्या दांड्याला धरून उठायला लागली होती.

मॅनेजर चालकबाईसमोर उभा राहिला. त्यानं एक मोठा श्वास घेतला. "काही सापडलं नाही," तो म्हणाला. "ठीक आहे. पाणी प्या आणि सुरू करा."

बाई पुन्हा खाली बसल्या. नंतर भाषणं झाली, त्यात बाईंचं नाव दोनदा आलं. हार घालायला कुणी आलं तेव्हा त्या डुलकी घेत होत्या, म्हणून लेकीनंच तो हातात घेतला.

परतताना मोटारीत लेकीनं विचारलं, "आई, बरं वाटलं ना आज?"

"पाय फार भरून आलेत गं," बाई म्हणाल्या. "घरी गेल्यावर कोमट पाणी देशील?"

"देईन."

"आणि जरा हळू चालव. घाई कसली आहे?"

लेकीनं वेग कमी केला. मागून हॉर्न वाजले. तिनं वाजू दिले.