दुखत नाही, हीच तक्रार

मला आधी वास आला. आई चुलीवरून भाताचा गंज उतरवत होती आणि मी दाराशी बसून भाजी निवडत होते. जळल्याचा वास आला म्हणून मान वर केली, तर तिच्या उजव्या हाताची करंगळीकडची बाजू तापलेल्या गंजाला टेकलेली होती. ती मात्र शांतपणे चुलीकडे बघत, लाकडं बाहेर ओढावीत की राहू द्यावीत याचा विचार करत उभी होती. मी ओरडले तेव्हा तिने गंज खाली ठेवला. हात उलटा करून पाहिला. कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती.

"हे कवा झालं?" तिने मलाच विचारलं.

आईचं गाव आमगावपासून फार लांब नाही. मी आमगावात राहते. नवऱ्याचं कापडाचं छोटं दुकान आहे, तिथेच मी शिलाई मशीन टाकली आहे. बाबा गेल्यापासून आई गावी एकटी. थोडी धानाची शेती, एक गाय. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक. आजारपण म्हणून ती कधी बसलेली मला आठवत नाही. त्यामुळे त्या दिवशी तिने ब्लाउजची बाही वर सरकवून कोपराखालचा एक फिकट चट्टा दाखवला, तेव्हा मला आधी रागच आला, की इतके दिवस सांगितलं का नाही.

"का सांगू? दुखत नाही, खाजत नाही. इथं हात लावला तर समजतच नाही मले. या बोटाइलेही तसंच. आपला हात नाही असं वाटते."

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या घरातले सगळे ताप, खोकले त्यांनीच पाहिलेले. बाहेरची बाकडी कायम भरलेली, कंपाउंडर दार अर्धं उघडून "चला, पुढचे" म्हणत राहतो. आत गेलो. आई स्टुलावर बसली, मी तिच्या मागे उभी राहिले. डॉक्टरांनी भाजलेला हात पाहिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कैसे जला?"

मी सांगितलं. मग त्यांनी आईला विचारलं, "बहुत दुखता है क्या, माताजी?"

"नाही ना दुखत."

"दुखत नाही, मग प्रॉब्लेम काय आहे?"

"तेच तर सांगून रायली डाक्टरसाहेब. भाजलं तरी काऊन नाही दुखत?"

डॉक्टर हसले. खरंच हसले. मला म्हणाले, "अच्छा है ना, सहनशक्ती आहे. आजकालच्या मुलींना सुई टोचली तरी रडतात." मीही हसले. हे लिहिताना माझे कान तापतात, पण मी हसले होते.

आईने बाही वर करून चट्टा पुढे केला. त्यांनी खुर्चीतून न उठता पाहिलं आणि "गजकर्ण आहे" म्हणून मलम लिहिलं. भाजलेल्या जागेवर दुसरं मलम, अशक्तपणासाठी गोळ्या, एक इंजेक्शन. आई काहीतरी बोलत होती, बोटांबद्दल, हातातून वस्तू निसटतात त्याबद्दल. पण कंपाउंडरने दार उघडलं होतं, आणि मी तिच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "चल ना आई, लोक थांबले आहेत."

मलम संपलं, चट्टा होता तसाच राहिला. महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी मलम बदललं. शुगर तपासायला सांगितली, ती ठीक निघाली. आईने पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी त्यांचा आवाज थोडा चढला. "माताजी, रिपोर्ट नॉर्मल है. तुम्ही टेन्शन घेता. एकट्या राहता ना?"

एकटी बाई, पोरगी लग्न होऊन गेलेली, म्हणजे दुखणं मनाचं. इतकं सोपं.

मग रोवण्याचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे, दिवस आले. आई आयुष्यभर रोवणा करत आली होती. तिच्या हातचं धान दोरी लावल्यासारखं सरळ उभं राहायचं, ओळ तिच्यावरून धरता यावी म्हणून बाया तिला मुद्दाम कडेला ठेवायच्या. त्या वर्षी पाण्याने भरलेल्या बांधीत उतरल्यावर रोपं तिच्या बोटांतून सुटायला लागली. तीन रोपं धरायला जावं, तर एक हातात राही आणि दोन पाण्यावर तरंगत. बाया हसल्या, मग हसायच्या थांबल्या. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही आत वळायला लागली होती, सरळ होत नव्हती. संध्याकाळी तिने मला फोन केला. ती फोनवर कधी रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही. फक्त म्हणाली, "हा माया हात आयकत नाही."

मी तिला पुन्हा आमच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी वाकडी बोटं पाहिली आणि गोंदियाच्या एका हाडाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. मानेची नस दबली असणार म्हणाले. तिथे मानेचा एक्स-रे झाला. मोठा दवाखाना, थंडगार खोली, टेबलावर संगणक. ते डॉक्टर पडद्यावर आईच्या मानेचा फोटो बघत होते आणि प्रश्न मला विचारत होते.

"इनको गर्दन में दर्द कब से है?"

"मानेले काही नाही झालं," आई म्हणाली.

"चक्कर आता है?"

"नाही येत. साहेब, हे पाहा, इथं." तिने बाही कोपराच्या वर नेली होती. नुसता चट्टा नव्हे, ती कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून दाखवत होती. "इथं दाबलं का झिणझिण्या येतात. इथून खाली सारं मेलं."

मी हे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे, कारण आता मला माहीत आहे की आजार कुठे आहे हे तिने त्या दिवशी बोट ठेवून सांगितलं होतं. याहून नेमकं कोण काय सांगणार? त्या माणसाने पडद्यावरून मान आईकडे वळवली असती, हात लांब करून दोन बोटांनी तिचं कोपर चाचपलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. त्याने मान तिच्याकडे वळवली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "उमर के हिसाब से घिसाव है. कॉलर लगाइए, वजन मत उठाने दीजिए." लगाइए, दीजिए. जणू आई माझं एखादं सामान होती.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली, गळ्यात तो पांढरा पट्टा. समोरच्या बाईने विचारलं, अपघात झाला का? आईने मान हलवायचा प्रयत्न केला, पट्ट्यामुळे हलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यायले माया हात दिसला नाही. तुले तर दिसत होता. तू काऊन नाही बोलली?"

मी म्हटलं, "एवढे शिकलेले आहेत आई, त्यांना कळतं."

गावी पोचल्यावर तिने पट्टा काढून खुंटीला अडकवला आणि पुन्हा कधी घातला नाही. मी त्यावरून तिच्याशी भांडले. डॉक्टरांचं ऐकत नाही म्हणून भांडले.

धान कापून झालं होतं तेव्हा गावात आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघरी तपासणीला फिरत होत्या. मी त्या दिवशी गावीच होते. आशाताई म्हणजे गावचीच बाई, आईपेक्षा बरीच लहान, खांद्याला पिशवी, हातात वही. ओसरीवर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काकी, आंगावर कुठं फिकट चट्टा आहे का, जिथं समजत नाही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "जिथं समजत नाही," तिने तेच शब्द हळूच पुन्हा म्हटले. इतके महिने ती जे सांगत होती, ते पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं.

आशाताईंनी पेन काढलं. "काकी, डोळे मिटा. मी जिथं टेकवीन तिथं बोट ठेवा." खांद्यावर टेकवलं, आईने बोट ठेवलं. डाव्या हातावर, ठेवलं. उजव्या दंडावर, ठेवलं. मग चट्ट्यावर पेन टेकवलं. आई डोळे मिटून वाट बघत राहिली. "टेकव ना," ती म्हणाली. आशाताईंनी पुन्हा टेकवलं, जरा दाबून. "अवो, टेकव ना बाई."

मी तोंडावर पदर धरला. एवढंच करायचं होतं. एक पेन, आणि एका मिनिटाएवढा वेळ.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईचं कोपर चाचपलं. आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड झाली होती. माझं बोट धरून त्यांनी मलाही ते दाखवलं. मग आईकडे तोंड करून, आईलाच, सांगितलं की हा कुष्ठरोग आहे, औषध इथेच फुकट मिळेल, वर्षभर घ्यायचं, आजार पूर्ण जाईल, आणि औषध सुरू झालं की कुणाला लागायची भीती नाही. आई म्हणाली, "म्हंजे मी खोटं नवती बोलत."

आजाराचं नाव ऐकून आमच्याकडे माणसं उठून जातात. आईला मात्र त्या नावाने सुटल्यासारखं झालं. मला झालं नाही. त्या संध्याकाळी ती आमच्या घरी मुक्कामाला होती, आणि चहा झाल्यावर मी तिचा कप इतर कपांपासून वेगळा ठेवला. तिने पाहिलं. मी तो कप परत सगळ्यांत मिसळला, पण आधी वेगळा ठेवला होता ही गोष्ट त्यामुळे पुसली गेली नाही.

"बोटं सरळ होतील ना?" मी पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून विचारलं. त्यांनी नसेच्या सुजेसाठी वेगळ्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या म्हणाल्या, प्रयत्न करू, पण बोटं वाकायला लागून बरेच दिवस झालेत. सुरुवातीच्या काही महिन्यांत आल्या असत्या तर बरीच आशा होती.

सुरुवातीच्या काही महिन्यांत आम्ही आलोच होतो. फक्त दुसऱ्या दारात उभे होतो.

वर्षभराने औषध संपलं. चट्ट्याचा रंग भरून आला. कोपराजवळ थोडं कळायला लागलं. दोन बोटं मात्र वाकलेली राहिली. आई रोज हात पाण्यात भिजवते, तेल लावते, कुठे लागलं का ते डोळ्यांनी बघते, कारण हात आता तिला सांगत नाही. रोवण्याला ती बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या सोडून देते. आत उतरत नाही.

औषध संपल्याच्या आठवड्यात मी आमच्या त्या डॉक्टरांकडे गेले. आई सोबत आली, मी न सांगता. मी सगळ्या जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत नेल्या होत्या. आदल्या दिवशी त्या मी पहिल्यांदा नीट वाचल्या होत्या. तक्रार म्हणून एकीवर लिहिलं होतं, अशक्तपणा. दुसरीवर, चिंता. गोंदियाच्या कागदावर, मानदुखी. माझ्या आईने आयुष्यात कधी मान दुखते म्हटलं नव्हतं. जे ती पुन्हा पुन्हा सांगत होती ते एकाही कागदावर नव्हतं. तिच्या तोंडचं एक वाक्य नव्हतं.

मी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, शेजारी आरोग्य केंद्राचं कार्ड ठेवलं. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, खुर्ची जराशी मागे सरकवली.

"अरे! पण यांनी कधी सांगितलंच नाही की हाताला बधिरपणा आहे."

"मी तीनदा सांगतली," आई म्हणाली.

"माताजी, तुम्ही म्हणालात दुखत नाही. पेशंटने नीट सांगितलं नाही तर आम्ही काय करणार?"

"भाजलं तरी दुखत नाही, असं म्हणाली होती," मी म्हटलं. "तुम्ही हसला होतात. मीही हसले होते. मला ते रोज आठवतं. तुम्हाला आठवतं का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "देखिए, बाहर पेशंट बैठे हैं. आता बरं झालं ना सगळं?"

आईने उजवा हात उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला, चिठ्ठ्यांच्या वर. दोन बोटं आत वळलेली. हात तिथेच ठेवला. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं नाही, कंपाउंडरला हाक मारली.

माफी मिळेल असं मला वाटलं होतं का? वाटलं असावं. बाहेर येऊन मी रस्त्यावरच मोठमोठ्याने बोलायला लागले, तेव्हा आईने मला दंडाला धरून बाजूला घेतलं. म्हणाली, "आता इथं ओरडून का होते? तिथं आत ओरडायचं होतं, पहिल्याच दिवशी."

हे तिने मला सुनावलं आणि मी ते ऐकून घेतलं. त्या डॉक्टरांना कुणी सुनावणार नाही. त्यांची बाकडी आजही भरलेली असतात.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यांचं पाहायला म्हणून आम्ही गोंदियाला गेलो. आत गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सवयीने मला विचारलं, "क्या तकलीफ है इनको?" मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, "तू बाहेर बस, पोरी."

मी बाहेर बसले. दार नीट लागलं नव्हतं, तिचा आवाज ऐकू येत होता. "आधी मायं म्हणनं आयकून घ्या, मंग पाहा," ती सांगत होती. मग तिने सुरुवात केली. उजव्या डोळ्यासमोर कधीपासून धूसर दिसतं, उन्हात कसं दिसतं, सुई ओवताना कसं. माझ्या शेजारी बसलेला माणूस वैतागून म्हणाला, "ये माताजी कितना टाइम लेगी?"

"जितना लगेगा," मी म्हटलं.