चाकणच्या शेडमधला फ्रेंच ठोका

संत तुकाराम नगरात सध्या माझ्याविषयी एक कथा फिरते आहे. म्हाताऱ्याला परदेशी संगीत सोसले नाही, म्हणून त्याने भर कार्यक्रमात वीज तोडली, अशी. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. मी होतो, तेव्हा त्या दिवसाचा प्रवास माझ्याकडून ऐका.

दुपारी काळेवाडीला बबनरावांना घ्यायला गेलो. फोर्जिंग शॉपमध्ये आम्ही दोघांनी एकाच घणावर (तापलेल्या लोखंडाला आकार देणारे अवजड यंत्र) उमेदीची वर्षे काढली. त्या घणाने त्यांचे कान नेले. त्यांच्या सूनबाई दारातच म्हणाल्या, "काका, बहिऱ्या माणसाला गाणं ऐकायला नेताय? लोक हसतील."

"हसू देत. हे संगीत छातीत ऐकू येतं," मी सुनावले. नातीने मला तसे सांगितले होते. मित्राला ते एकदा तरी मिळावे, एवढाच माझा हट्ट होता.

मोशीपुढे कंटेनरांच्या रांगेत बस अडकली. खिडकीतून घेतलेली भेळ निम्मी धोतरावर सांडली.

चाकणची ती शेड एका बंद कारखान्याची. पुरुषभर उंचीचे स्पीकर आणि यंत्रांच्या मेजामागे फ्रान्सहून आलेली एक तरुणी. डब (गाण्यातून गाणे काढून ठोका आणि प्रतिध्वनी तेवढा ठेवण्याची रीत) नातीने मला ऐकवले होते. ते सैल, उन्हात पहुडल्यासारखे. हे काळोखे होते. तळघरात कोणी लोखंडी दार ओढत आहे आणि ते संपतच नाही, असे. मला एका जागी उभे राहवेना.

बबनरावांनी स्पीकरवर तळहात टेकला. चेहरा उजळला. त्यांनी अंगठा फिरवला: चालू दे. शॉपच्या गोंगाटात आम्ही सारे खुणांनीच बोलत असू.

मग तिने ठोक्यामागे दुसरा, अवेळी ठोका सोडला. घण असा दुहेरी पडला, की माणसाचा हात जातो. बबनरावांनी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले: यंत्र तोड, आत्ताच. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

अंधार, शिट्ट्या. "कोन हाय रे त्यो? बाबा, घरी जा की!"

आयोजक धावत आला. "आजोबा, आवडलं नाही तर बाहेर बसायचं ना राव!"

"आवडलं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डबल पडला! डबल पडला!" बबनराव ओरडत होते. मी त्यांचे गेलेले कान आणि खुणेचा अर्थ सांगितला, आयोजकाने ते तरुणीला इंग्रजीत समजावले. ठोका तिने मुद्दामच चुकवला होता. ती बबनरावांकडे पाहत राहिली.

"त्यांनी ऐकलं?" आयोजकाने तिचा प्रश्न मला सांगितला.

"ऐकलं," मी म्हणालो.

तिने त्यांचा हात धरून पुन्हा स्पीकरवर ठेवला आणि तोच ठोका नव्याने सुरू केला. बबनराव दचकले, मग मोठ्याने हसले. आयोजक मात्र शेवटपर्यंत मी आणि स्विच यांच्यामध्ये उभा होता.

परतीच्या बसमध्ये बबनराव शेजारच्या प्रवाशाला सांगत सुटले, "गाणं ऐकून आलोय, गाणं!" कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हळू. गाडी बहिरी व्हायची."

ती खूण पुन्हा दिसली, तर मी पुन्हा वीज तोडीन. खुणेची चौकशी करत बसणाऱ्या माणसाबरोबर घणावर कोणी उभे राहत नाही.