पाणी प्यायची परवानगी

एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना विचारायची आहे. आज नव्या नोकरीचा पहिला दिवस होता. आमच्या हिंदी भाषिक शहरातल्या गढा भागातलं स्टेशनरीचं दुकान आहे, पगार जुन्या शोरूमपेक्षा बराच कमी.

शोरूममध्ये पाणी प्यायचं असलं तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारावं लागायचं. मॅनेजरने अंगठा पाठवला तरच जायचं. कधी तो मुद्दाम पाठवायचा नाही, आणि ग्रुपवर सगळे हसायचे.

आज दुपारपर्यंत मी तहानलेलाच उभा होतो. शेवटी मालकीणबाईंना विचारलं, "दीदी, पानी पी लूँ?"

त्या मराठीच निघाल्या. "अरे, काहून विचारून राहिला? माठ समोरच तर आहे!"

मी प्यायलो, पण त्या रागावल्या तर नाहीत ना, हे दोनदा वळून पाहिलं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मॅनेजरचा फोन होता. माफी माग, परत घेतो म्हणते. नोकरीत थोडं ऐकून घ्यावंच लागते, बेटा."

मी नाही म्हणालो. बाबा ताटावरून उठून गेले.

पगार कमी झाला, हे त्यांना दिसतं. तिथे माझं काय झालं, हे मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी अशी नोकरी सोडली, त्यांनी घरी कसं सांगितलं?