रुमालाखालचा भाव

व्यापाऱ्यानं आम्हाला फसवलं नाही. माझ्या धाकट्या भावाला फसवलं ते सरकारनं, कांद्याच्या सौद्यात.

मी बैलबाजारात उभा राहून शिकलेला माणूस. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आष्टीचा एक कांदा व्यापारी माझ्याशी अजून तसाच सौदा करायचा. त्या श्रावणात तो भावाच्या कांदाचाळीपाशी आला. माल भावाचा, हात माझा. मी मध्येच हात झटकून उठलो, तोंड सोडलं, परत बसलो.

"असा भाव माझ्या बापानंबी दिला न्हाई," तो घाम पुसत म्हणाला.

"तुज्या बापाला मी भेटलो नव्हतो बे."

सौदा झाला. कांदा निवडणाऱ्या बाया पंचमीला माहेरी जाणार, म्हणून सण झाल्यावर माल भरायचा ठरला. भावजयीनं तेवढ्यात जाहीरही केलं, "औंदा ऊसतोडीला जायचं न्हाई. पोरगी हितंच शिकंल."

पंचमीच्या आधीच बाहेरदेशी जाणाऱ्या कांद्यावर जबर कर बसला. ना सूचना, ना मुदत. व्यापारी आला, पण खांद्यावरचा रुमाल त्यानं काढलाच नाही. "दादा, माझा माल बंदरावर अडकलाय. तुमी म्हणाल तर सौदा पाळतो, पर मी बुडन."

त्याला शिवी देता आली नाही. सौद्यातून मीच त्याला मोकळं केलं.

"त्याचं बोट धरून ठिवायचं होतं की, दादा," भाऊ हसून म्हणाला. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही.

कांदा सडायला लागला, मग मिळेल त्या भावात गेला. दसरा झाला आणि कोयते, भांडी, पोरगी, सगळं ट्रॅक्टरवर चढलं. भावजयीनं किल्ली माझ्या हातात दिली. "सांजच्याला दिवा तेवढा लावा, दादा."

बायको वारल्यापासून मी त्यांच्यातच जेवायचो. आता एकट्यापुरती भाकरी थापतो. ती करपते, आणि ओरडायलाही समोर कोणी नसतं. त्यांच्या घरात दिवा लावून थोडा वेळ उंबऱ्यावर बसतो. पोरीचं दप्तर खुंटीलाच आहे.

शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून तो कर होता म्हणे. असेल. पण ज्यानं सही केली, त्यानं एकदा या उंबऱ्यावर येऊन बसावं. रुमाल मी टाकतो. आत हात घालून त्यानं सांगावं, आमच्या पोरीच्या शाळेचा भाव त्यानं काय धरला होता?