बाभळीच्या खोडातला ससाणा

"न्हाई फसला," असं म्हणत मामा आपलं कटर माझ्या काउंटरवर ठेवायचे. रामराम नाही, कसं काय नाही. आधी हे दोन शब्द, मग चेनीची तक्रार. दुकानात एखादं नवं गिऱ्हाईक असलं तर त्याला वाटायचं, या म्हाताऱ्याचा कुणाला तरी टोपी घालायचा बेत होता आणि तो हुकला. बेत तसाच होता म्हणा. फक्त टोपी कावळ्याला घालायची होती.

जिंतूरला माझं फवारणी पंप आणि पेट्रोलच्या करवती दुरुस्त करायचं दुकान आहे. अशा करवतीला आमच्याकडं सगळे कटरच म्हणतात. मामा बोरीकडच्या एका खेड्यातले. वाळलेली, वाऱ्यात पडलेली झाडं तोडून द्यायची, हा त्यांचा धंदा. ते काम उरकलं की त्याच कटरनं ते उरलेल्या खोडातून शिकारी पाखरं कोरायचे. आधी गरुड, मग घार, आणि शेवटची काही वर्षं फक्त ससाणा. ओंडके पाडायच्या यंत्रानं चोच काढायची म्हणजे कुऱ्हाडीनं नखं काढण्यातला प्रकार, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"मंग कुऱ्हाडीला नीट धार लावा की," ते म्हणाले. "तुमचं काम हाय ते."

त्यांचं पहिलं पाखरू वासराएवढं होतं. केलं होतं गरुड, पण गावानं त्याला कोंबडा ठरवलं. येता-जाता लोक त्यांच्या दारात कुकूचकू करायचे. त्याचं मामांना काही वाटलं नाही. पण एका सकाळी एक कावळा आला, त्या गरुडाच्या डोक्यावर बसला आणि निवांतपणे भाकरीचा तुकडा खाऊन गेला. ते मात्र त्यांच्या वर्मी लागलं.

"लोकायला काय कळतंय?" ते मला म्हणाले. "कावळ्याच्या जिवाचा सवाल असतोय. तो खोटं बोलणार न्हाई. कावळा फसला पायजे, तवा खरं."

त्यांच्या शेतापलीकडं विजेच्या मोठ्या लाईनचा टॉवर आहे. त्यावर ससाण्याची एक जोडी बसायची. तूर राखायच्या नावाखाली मामा बांधावर बसून दिवसदिवस त्या जोडीकडं बघायचे आणि मग एकेक शोध घेऊन माझ्या दुकानात यायचे. एकदा आले ते बसलेसुद्धा नाहीत.

"भाऊ, त्याच्या डोळ्यावर वळचण असती. घराला असती तशी. म्हणून ते रागावल्यावानी दिसतंय. मी डोळा उघडाच ठिवला व्हता, कोंबडीवानी."

म्हणजे गावाचं बरोबर होतं, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडं त्या ससाण्यासारखंच बघितलं.

पुढच्या पाखराला वळचण आली, तर पंख कौलारू छपरासारखे, सगळी पिसं एका मापाची. कावळा बसला. मग खांद्यावर बारीक आणि खाली लांब पिसं आली, लाकडाच्या रेषेरेषेनं. तरी कावळा बसला. मग लक्षात आलं की पाखरू कवायतीला उभं राहिल्यासारखं ताठ आहे. खरा ससाणा एका पायावर भार देतो आणि मान वळवून मागं बघतो. तेही जमलं, पण पाखरू अजून शेळीएवढं होतं. एवढा ससाणा कावळ्याच्या सात पिढ्यांनी बघितलेला नसणार. कावळा बसलाच.

"मोठं करायला अक्कल लागत न्हाई," मामा म्हणाले आणि खऱ्या मापाकडं वळले. कावळ्याहून बोटभर मोठा ससाणा, आणि तो कटरनं. चेन एका फेरीतच अर्धं बोट लाकूड खाते. गेलेलं लाकूड परत लावता येत नाही. मी त्यांना चेन जिच्यावर फिरते ती पट्टी निमुळत्या टोकाची मागवून दिली आणि बजावलं की टोकानं काम करू नका, टोक रुतलं की कटर उलटं अंगावर येतं. मामा फक्त टोकानंच काम करायचे. डाव्या मनगटावर त्याची खूणही होती. रंगाला ते कधीच शिवले नाहीत. ससाण्याच्या डोळ्याखालचा काळा ओघळ गॅसच्या ज्योतीनं जाळून काढायचे.

मामींनी यातल्या एका ससाण्यावर पोतेरं वाळत घातलेलं मी स्वतः बघितलंय. "सोयरिकीला एवढं कुणी बघत न्हाई," त्या मला म्हणाल्या, "जेवढं हे कावळ्याचं मन बघायलेत."

शेजारच्या गावच्या मंदिराची मंडळी एकदा दारासाठी पाखरू बघायला आली. पंख पसरलेलं हवं, सोनेरी रंग मारलेलं हवं, आणि जरा मोठं. मामांनी त्यांच्यासमोर ससाणा ठेवला. एकजण म्हणाला, हात जोडलेलं करता येईल का.

"पाखराला हात नसतेत," मामा म्हणाले. "आन बसलेलं पाखरू पंख पसरून बसत न्हाई. तुमी बघितलंय का कधी?"

मंडळी चहा न घेता गेली. लोक म्हणाले, म्हातारा माजला. माजला असेल. अशा माजाची चार माणसं तालुक्यात असती तर आपल्या चौकातले पुतळेही जरा माणसांसारखे दिसले असते, हे तुम्हालाही मान्य व्हावं.

या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. ओढ्याच्या काठी त्यांची एक बाभूळ वाळली होती. ती न पाडता तिच्या उभ्या खोडातच त्यांनी ससाणा कोरला होता. "या बघून जावा," म्हणाले. "कावळ्याचं अजून कळंना. लांबूनच बघायलाय." माझ्याकडं तेव्हा फवारणीच्या पंपांची रांग लागली होती. येतो म्हणालो आणि गेलो नाही. आठवड्याच्या आत मामा तापानं गेले. हे माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

दहाव्याला गेलो. विधी त्याच ओढ्याच्या काठी होता. पिंड मांडला, सगळे मागं सरकून बसले. समोरच्या लिंबावर कावळे भरपूर, पण एक खाली येईना. नुसता गलका. कुणी म्हणालं, इच्छा राहिली. मामांचे धाकटे भाऊ हात जोडून म्हणाले, वैनीला सांभाळतो. कावळे येईनात. शेताचं नीट करतो. येईनात. तेवढ्यात एक कावळा लिंबावरून सुटला, पिंडाकडं न येता बाभळीच्या खोडावरून ओरडत झेपावला आणि घाबरून परत फिरला. मग दुसरा. तेव्हा कुठं मी त्या खोडाकडं नीट बघितलं. एका पायावर भार देऊन, मान वळवून ससाणा आम्हा सगळ्यांकडं बघत होता.

भाऊंच्याही ते ध्यानात आलं. ते रिकामी गोणी घेऊन खोडाकडं निघाले, तशा बायकांत बसलेल्या मामी उठल्या.

"काय करायलाव?"

"वैनी, कावळा शिवना. दोन मिंटं झाकतो, मंग काढतो."

"न्हाई झाकायचं." मामी खोडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ह्या कावळ्यासाठी जिंदगी घातली त्यांनी. आज कावळा भ्यायलाय, आन तुमी झाकायलाव?"

गुरुजी हळूच म्हणाले, कावळा शिवल्याशिवाय कसं.

"दर्भाचा करा," मामी म्हणाल्या. "खरा आता येत नसतोय."

भाऊ गोणी घेऊन तसेच उभे राहिले. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी मान डोलावली. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं पांगली.

मी खोडापाशी गेलो, तसे कावळे माझ्याही डोक्यावरून झेपावले. त्यांनी सगळं शिवार डोक्यावर घेतलं होतं. कुणी ऐकलं तर ऐकू दे, असं म्हणून मी ससाण्याच्या जळक्या ओघळावर हात ठेवला.

"फसला, मामा," मी म्हणालो. "समदे फसले."