सायकलवरून उतरणारे भाऊजी

सायकल हातात धरून जितकं माझे मोठे भाऊजी चालले आहेत, तितकं या जगात दुसरं कोणी चाललं नसेल. तुमची-आमची सायकल बसायला असते, त्यांची उतरायला. एकोडीत त्यांचं घर गावाच्या या टोकाला आणि शेत त्या टोकाला. मधे मारुतीचं देऊळ, ते शिकले ती शाळा, त्यांच्या गुरुजींचं घर (गुरुजी केव्हाच वारले, घराला कुलूप आहे, तरीही), मग मसणवट, आणि समोरून येणारं प्रत्येक पांढऱ्या केसांचं माणूस. या सगळ्यांसमोर भाऊजी सायकलवरून उतरतात, अदबीने चार पावलं चालतात, पुन्हा टांग टाकतात, तोवर पुढचं कोणीतरी येतं. साकोलीच्या बाजाराच्या दिवशी तर सीटला त्यांचा स्पर्शही होत नाही. "ह्यायची सायकल फक्त सोबतीले असते," असं माझी बहीण म्हणायची. रस्त्यात नवखा माणूस हटकून विचारतो, "पंचर झाली का जी?" त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "पंचर नाही बा. माणूस येऊन राह्यला."

मुलगी बघायला आमच्या गावी आले तेव्हाही ते वेशीपासून पायीच आले, कारण सासुरवाडीच्या गावात सायकलवर बसून शिरायचं कसं! माझे वडील हवा भरायचा पंप घेऊन सामोरे गेले होते. घंटी ते कधी वाजवत नाहीत. "घंटी देवाची रायते, माणसाले कायले वाजवाची?" म्हणून पुढच्याच्या मागे जाऊन नुसतं खाकरतात. पँटच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात आणि ते काढायला विसरून लग्नाच्या पंगतीत बसतात. हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण माझ्या भाचीसाठी आलेली स्थळंही त्यांनी याच मापाने मोजली. तुमसरकडचा एक देखणा डॉक्टर मोटारसायकल थेट अंगणात घेऊन आला आणि एक पाय जमिनीला टेकवून, बसल्या बसल्याच त्यांना नमस्कार करता झाला. भाऊजींनी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि तो गेल्यावर म्हणाले, "पोट्टा शिकला हाय, गोरा हाय. पन उतरत नाही." विषय संपला.

बहीण गेली, भाची नोकरीसाठी कोरियात गेली, आणि भाऊजी एकटे पडले. मागच्या वर्षी तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. इंग्रजी बोलणारा म्हणून मी सोबत. माझं इंग्रजी नागपूरच्या विमानतळावरच संपलं ती गोष्ट वेगळी. तिकडे तेव्हा पानगळ सुरू होती. परतायच्या आदल्या दिवशी ती आम्हाला ग्योंगजू नावाच्या जुन्या राजधानीत घेऊन गेली. तिच्या ऑफिसातला सुहान नावाचा एक उंच, लाजरा पोरगाही आला. दिवसभर भाड्याच्या सायकलींवर शहर बघायचं असा बेत होता. दुकानात सायकली निवडताना भाचीने मला बाजूला ओढलं.

"मामा, मले सुहानशी लग्न कराचं हाय. बाबाले तुमी सांगा. आजच."

"अना भाऊजी नाही म्हनले तं?"

"तं नाही करनार. बाबाच्या मनाविरुद्ध नाही. पन मंग दुसऱ्या कोनाशीच नाही करनार." तिचे डोळे भरून आले होते. तिकडे भाऊजी शांतपणे पँटला चिमटे लावत होते.

निघालो. दोन्ही बाजूंना पिवळीधमक झाडं, रस्त्यावर पानांचा सडा, स्वच्छ गार हवा. भाऊजींनी मागून खाकरताच कोरियन माणसं झपाट्याने बाजूला होत होती, त्यामुळे रस्ता मोकळा मिळत होता. मी सायकल त्यांच्या शेजारी आणली आणि म्हणालो, "भाऊजी, पोरीच्या लग्नाचं..." तेवढ्यात समोर गवताने मढलेल्या टेकड्याच टेकड्या दिसल्या, प्रत्येक टेकडी घराएवढी.

"बापा!" भाऊजी म्हणाले. "येवढे मोठे धानाचे पुंजने कोनाचे हो?"

"पुंजने नाही बाबा, जुन्या राजायच्या समाध्या हायेत," भाची बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. पण भाऊजी उतरले होते.

त्या शहरात घरांइतक्याच समाध्या आहेत. एक राजा ओलांडून मी पुन्हा "भाऊजी, ते लग्नाचं" म्हणावं, की दुसरा राजा हजर. मेलेल्या राजांनी एखाद्याच्या लग्नात इतके अडथळे आणलेले मी पाहिले नाहीत. एका म्हाताऱ्या कोरियन गृहस्थाने थांबून भाऊजींचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. भाऊजींनी हात जोडून त्याला आपलं ठरलेलं उत्तर मराठीत दिलं आणि त्याचं समाधान झालं असावं, कारण त्यानेही वाकून नमस्कार केला.

शेवटी माझे गुडघे आणि भाचीचा धीर एकदमच संपला. आम्ही दोघं पुढे जाऊन एका बाकावर बसलो. तिथून मागचा रस्ता सरळ दिसत होता. एका बाजूला कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, समाधी एकही नाही, त्यामुळे भाऊजी चक्क सायकलवर होते आणि मान वळवून शेतातल्या पेंढ्याची तणस बघत होते. त्यांच्या थोडा पुढे सुहान. समोरून कमरेत वाकलेली एक आजी ढकलगाडीवर भार टाकत आली. भाऊजींचं लक्ष नव्हतं. सुहान झटकन उतरला, सायकल कडेला घेतली, मान झुकवली आणि ती पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला. भाऊजींनी पाहिलं, घाईघाईने ब्रेक दाबला आणि तेही उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा दुसरा नंबर आला होता.

त्यानंतर ते दोघं पुन्हा सायकलवर बसलेच नाहीत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. सायकली ढकलत, शेतं बघत, रमतगमत आमच्यापर्यंत आले. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

संध्याकाळी भाची आणि सुहान सायकली परत करायला गेले तेव्हा एका जुन्या तलावाच्या काठी मी एकदाचा घसा साफ केला. "भाऊजी, हा सुहान..."

"मले का सांगून राह्यला?" भाऊजी पाण्याकडे बघत म्हणाले. "सकाळी पोरीनं त्याची सायकल पयले पुसली, माह्यी मंग. तवाच समजलं मले. दिवसभर पाहूनच राह्यलो होतो." मग वाकून पँटचे चिमटे काढत म्हणाले, "पोट्टा उतरते." आणि हळूच, "पन लय दूर उतरते ना बा."

भाचीला मी 'पोट्टा उतरते' एवढंच सांगितलं. पुढचं सांगवलं नाही.

लग्न एकोडीतच झालं. वरात गुरुजींच्या कुलूपबंद घरासमोर आली तेव्हा सुहान आपण होऊन घोड्यावरून उतरला, आणि भाऊजींनी उपरण्याने डोळे पुसले. मग ती दोघं परत गेली.

परवा संध्याकाळी मी स्कूटरवरून एकोडीला गेलो. तलावाच्या पाळीवर भाऊजी सायकल धरून चालताना दिसले. तिथे देऊळ नाही, समाधी नाही, दूरवर माणूसही नव्हतं. विचारलं, "भाऊजी, इथं काहून उतरले?" त्यांनी शर्टाच्या खिशातला फोन नुसता चाचपला. फोन वाजला नव्हता. पण भाचीचा फोन याच वेळेला येतो, हे मला ठाऊक होतं.

मीही स्कूटर बंद केली आणि ढकलत त्यांच्यासोबत चालू लागलो. मागून कोणीतरी सायकलवाला आला, आम्हा दोघांकडे बघून थबकला. "पंचर झाली का जी?"

"पंचर नाही बा," भाऊजी म्हणाले. "पोरगी येऊन राह्यली."