साहेबांच्या पासवर्डचा वास

बहारीनला, मनामातल्या आमच्या ऑफिसात फोन जोडणारं सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या बंदिस्त मशीनवरून लिनक्सवर आणायचं होतं. पासवर्ड सारखा चुकला की खात्याला आपोआप कुलूप लागलं पाहिजे, हे मी पहिल्यापासून सांगत होते. आमचे रत्नागिरीचे साहेब म्हणायचे, "नंतर घालू, इंशाल्ला. माझा पासवर्ड मराठी आहे. इथे कोण ओळखणार?"

माझं डोकंच फिरलं. सुट्टीवरून आल्यापासून हा माणूस दिसेल त्याला गावाकडचा खाऊ वाटत होता. भर मीटिंगमध्ये मी त्यांच्या खात्यावर एकेक पदार्थ टाइप करत गेले. खाजा चुकला, फणसपोळी चुकली, तरी खात्याला कुलूप काही लागलं नाही. आंबावडीला खातं उघडलं. साहेब लालबुंद!

त्यांनी डब्याच्या पिशवीकडे बघत तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. "खलास! आता ओळखून दाखव."

मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबले. साहेबांनी डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि अख्ख्या मजल्याने नाकाला रुमाल लावला. मी 'सुकट' टाइप केलं, मग 'बोंबील'. उघडलं.

"यल्ला, चल, ते कुलूप आजच घाल," साहेब पुटपुटले.

"घालते की. तोवर तुम्ही डब्याला झाकण लावा."